रोझहिप घ्यायचं ठरवलंय? आधी कशासाठी ते ठरवा

गुडघे धरले की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर डायक्लोफिनॅकच्या गोळ्या रोजच्या होतात, नाहीतर कुणीतरी एखादी नवी पावडर सुचवतं. अलीकडे त्या पावडरीचं नाव बरेचदा रोझहिप असतं. जर्मनीतल्या किंवा इंग्लंडमधल्या मुलाने डबा पाठवलेला असतो, नाहीतर ऑनलाइन दुकानात ‘सांधे, त्वचा, प्रतिकारशक्ती, वजन’ सगळ्यावर एकच बाटली दिसलेली असते. मला हे फळ मनापासून आवडतं, त्याच्यावर झालेलं काम मी लक्ष देऊन वाचलं आहे, आणि म्हणूनच ते भलत्या अपेक्षेने किंवा भलत्या माणसाने घेतलेलं पाहवत नाही. हा लेख घेणाऱ्यासाठी आहे आणि घेणाऱ्याची काळजी करणाऱ्यासाठीही.

रोझहिप म्हणजे गुलाबाचं फळ. फूल गळून गेलं की त्याच्या बुडाशी असलेला फुगीर भाग वाढतो, लाल-केशरी होतो, आणि त्याच्या आत केसाळ बिया भरतात. आपल्या बागेत ते दिसत नाही, कारण सुकलेली फुलं आपण खुडून टाकतो. औषधी वापरात मुख्यतः येतो तो रोझा कॅनिना, युरोपात कुंपणाकडेला उगवणारा पाच पाकळ्यांचा रानगुलाब. लडाख-हिमाचलात रोझा वेबियाना हा त्याचा भाऊबंद भेटतो. गुलकंद पाकळ्यांचा असतो, त्यामुळे गुलकंदाचे गुण या फळाला लावू नयेत आणि या फळाचे गुलकंदाला.

युरोपात हे घरगुती खाणं आहे. स्वीडनमध्ये त्याचं गोडसर सूप करतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे ब्रिटनला संत्री-मोसंबी मिळेनाशी झाली, तेव्हा १९४१ पासून सरकारने लोकांना, विशेषतः शाळकरी मुलांना, रानातली ही फळं गोळा करायला लावली आणि त्यांचं सरबत करून लहान मुलांना दिलं. कारण क जीवनसत्त्व. १०० ग्रॅम ताज्या रानफळात ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सापडतं. जात, ऋतू आणि पिकण्याची अवस्था यांनुसार हा आकडा खूप खालीवर होतो.

पहिली पायरी: कशासाठी घ्यायचं ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पैसे इथेच वाया जातात. रोझहिप या एका नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांची कामं एकमेकांना बदली चालत नाहीत.

सांध्यांसाठी अभ्यासली गेलेली वस्तू म्हणजे अख्ख्या फळाची, साल आणि बिया दोन्हींची, कमी उष्णतेत वाळवलेली पावडर. तिच्यातला गॅलॅक्टोलिपिड नावाचा स्निग्ध घटक दाह कमी करत असावा असं संशोधक मानतात. स्निग्ध असल्यामुळे तो पाण्यात नीट उतरत नाही. म्हणून गुडघ्यांसाठी रोझहिपचा चहा पिणाऱ्याने चहाचा आनंद जरूर घ्यावा, पण गुडघ्यांसाठी त्यावर विसंबू नये.

दुसरी वस्तू ‘रोझहिपयुक्त व्हिटॅमिन सी’च्या गोळ्या. यातलं ५०० किंवा १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व बहुतेक वेळा कारखान्यात तयार केलेलं अॅस्कॉर्बिक आम्ल असतं आणि रोझहिप नावापुरतं मिसळलेलं असतं. ते वाईट नाही, फक्त ते रोझहिप नव्हे. उलटही खरं आहे: ५ ग्रॅम सुक्या पावडरीतून मिळणारं क जीवनसत्त्व थोडंच असतं, कारण वाळवताना आणि साठवणीत ते बरंच उडून जातं. युरोपीय औषधकोश सुक्या फळात किमान ०.३ टक्के मागतो, म्हणजे ५ ग्रॅमला १५ मिलिग्रॅम.

केवळ क जीवनसत्त्व हवं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पेरू, आवळा आणि लिंबू खा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं. एका मध्यम पेरूत ते मिळून वर उरतं. परदेशी बाटलीवर त्यासाठी शेकडो रुपये घालवण्याचं काहीच कारण नाही.

तिसरी वस्तू चहा आणि सरबत. हे खाद्यपदार्थ आहेत, चवीसाठी घ्यावेत. चौथी वस्तू बियांचं तेल, जे बरंचसं चिलीतून येतं. ते त्वचेला लावायचं आहे, प्यायचं नाही. त्याच्या जाहिरातीत ‘क जीवनसत्त्वाने भरपूर’ लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा: क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेल कोरड्या त्वचेला मऊपणा देतं, पण लवकर खवट होतं. गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा, आणि चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहा.

दुसरी पायरी: किती अपेक्षा ठेवायची

मुख्यतः गुडघा आणि खुब्याच्या झिजेवर, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिसवर, डेन्मार्क-नॉर्वेच्या बाजूला तीन बऱ्यापैकी नीट चाचण्या झाल्या. रोज ५ ग्रॅम पावडर, साधारण ३ ते ४ महिने, आणि तुलनेला तशीच दिसणारी बिनऔषधी कॅप्सूल. या तिन्हींचा एकत्र हिशोब २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २८७ रुग्ण होते. पावडर घेणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या, त्यांना लागणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही कमी झाल्या. परिणामाचा आकार लहान ते मध्यम होता: साधारण ६ जणांनी घेतली, तर एकाला असा फायदा झाला जो नकली कॅप्सूलने झाला नसता. शिवाय तिन्ही चाचण्यांना पैसा उत्पादकाकडून आला होता आणि त्या ३-४ महिन्यांपलीकडे गेल्या नाहीत.

मी हे असं वाचते: दुखणं थोडं हलकं होण्याची खरी शक्यता आहे. झिजलेली कूर्चा परत येते असं मात्र कुणीही दाखवलेलं नाही, आणि जो विक्रेता तसं सांगतो त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसचं, चित्र धूसर आहे. २०१० साली ८९ रुग्णांच्या ६ महिन्यांच्या चाचणीत रोजच्या हालचालींत थोडी सुधारणा दिसली. नंतरच्या एका महिन्याच्या छोट्या अभ्यासात काहीच फरक पडला नाही. आमवातात सांधा वाचवायचा असेल तर मेथोट्रेक्सेटसारखी औषधं वेळेवर घेणं हेच महत्त्वाचं. पावडरीच्या भरवशावर ती थांबवली तर बोटं वाकडी होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. हे मी कळकळीने सांगते आहे.

कोलेस्टेरॉल आणि वजनाबद्दल थोडक्यात. स्वीडनमध्ये ३१ स्थूल व्यक्तींना ६ आठवडे रोज ४० ग्रॅम पावडरीचं पेय दिलं, तेव्हा वरचा रक्तदाब आणि एलडीएल कोलेस्टेरॉल थोडं उतरलं, रक्तातल्या साखरेच्या चाचणीत फरक दिसला नाही. ४० ग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मोजली तर ८० कॅप्सूल. ‘चरबी वितळवणारं रोझहिप’ या जाहिरातींमागे जपानमधली ३२ जणांची एक चाचणी आहे, तीही एका विशिष्ट अर्काची. यासाठी ते विकत घ्यावं असं मला वाटत नाही.

तिसरी पायरी: आपण घेऊ शकतो का, ते तपासा

बाटली उघडण्याआधी ही पायरी पुरी करा. निरोगी माणसाला अन्नाच्या प्रमाणात रोझहिप सहसा सोसतं. चाचण्यांत पोट बिघडणं, पातळ शौच किंवा बद्धकोष्ठता, आम्लपित्त अशा किरकोळ तक्रारी दिसल्या. पण खालच्या परिस्थितीत थांबायला हवं.

रक्त पातळ करणारी औषधं, विशेषतः वॉरफरिन किंवा एसेनोकुमारॉल, चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. क जीवनसत्त्वाचे मोठे डोस या औषधांचा परिणाम कमी करू शकतात. हृदयाची झडप बदललेल्या माणसासाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली, तर सुरू केल्यानंतर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, नेहमीपेक्षा लवकर तपासून घ्या आणि बंद केल्यावरही पुन्हा एकदा.

मुतखडा होऊन गेला असेल, किंवा मूत्रपिंडं अशक्त असतील, तर ‘रोझहिपयुक्त’ १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या टाळा. शरीर जास्तीच्या क जीवनसत्त्वाचं काही अंशी ऑक्झलेट करतं आणि ते लघवीवाटे जाताना खडा बनवू शकतं. प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. मूत्रपिंडं दुबळी असलेल्यांनी त्या आकड्याकडे पाहूच नये. त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: अॅल्युमिनियम असलेल्या अँटासिडबरोबर क जीवनसत्त्व घेतलं की अॅल्युमिनियम जास्त शोषलं जातं आणि ते बाहेर टाकण्याची ताकद अशा मूत्रपिंडांत नसते.

शरीरात लोह साठण्याचा आजार असेल तर क जीवनसत्त्वाची जोड नको, कारण ते लोह अधिक शोषून घ्यायला लावतं. थॅलॅसिमिया किंवा सिकलसेलमुळे ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्यात लोह आधीच साठलेलं असतं. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल असलेली कुटुंबं बरीच आहेत. त्या घरांत असा डबा कुणी प्रेमाने आणून दिला तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका. जी६पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता ठाऊक असेल तर क जीवनसत्त्वाचे मोठे डोस टाळा.

लिथियम घेणाऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना आधी सांगावं. रोझहिपमुळे लघवीचं प्रमाण बदललं तर रक्तातली लिथियमची पातळी बदलू शकते, आणि या औषधात गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं असतं.

गर्भवती आणि स्तनदा मातांनी चहा-सरबत खाण्यापुरतं घ्यायला हरकत नाही. पावडरीच्या औषधी मात्रेचा किंवा अर्काचा त्यांच्यावर पुरेसा अभ्यास नाही, म्हणून ते नको. लहान मुलांनाही पावडर नको. गुलाबाची किंवा त्या कुळातल्या फळांची अॅलर्जी असेल तर अजिबात नको. ओठ-जीभ सुजली, अंगावर पित्त उठलं, श्वास लागला, तर लगेच बंद करून रुग्णालय गाठा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. बहुतेक जण अशी पूरकं दोनेक आठवडे आधी बंद करायला सांगतात.

तपासण्यांचाही विचार करा. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही ग्लुकोमीटर चुकीची साखर दाखवतात, लघवीच्या पट्टीवर साखर किंवा रक्त असूनही दिसत नाही, आणि शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी जुन्या पद्धतीची चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. तपासणीच्या तीन दिवस आधीपासून अशा गोळ्या बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

आणि गुडघाच लाल, गरम, सुजलेला असेल, ताप असेल, गुडघा अडकत असेल, रात्री झोपमोड होईल इतका दुखत असेल किंवा सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक राहत असेल, तर रोझहिपचा विषय बाजूला ठेवून आधी निदान करून घ्या.

चौथी पायरी: डबा पारखून घ्या

लेबलावर रोझा कॅनिना हे नाव, अख्खं फळ की फक्त साल, आणि एका कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम पावडर, या तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. ‘१०:१ अर्क’ (दहा भाग फळापासून एक भाग अर्क) असं लिहिलं असेल तर ५ ग्रॅमचा हिशोब त्याला लावता येत नाही. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहून सात वनस्पतींची एकत्र बेरीज दिली असेल, तर रोझहिप त्यात चिमूटभर असू शकतं. डबा परत ठेवा.

भारतात पूरक आहार म्हणून विकताना एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि औषधी वापरासाठी नाही अशा अर्थाची सूचना लेबलावर असावी लागते. ही सूचना असलेल्या डब्यावरच ‘सांधेदुखी बरी करा’ असंही छापलेलं दिसलं, तर तो विक्रेता नियम पाळत नाही हे उघड आहे. बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत पाहा. पावडर उघडल्यावर ओलावा धरते, म्हणून पावसाळ्यात मोठा डबा घेऊ नका. रंग केशरी-तांबूस आणि वास हलका आंबूस हवा. तपकिरी पडलेली, खवट वासाची पावडर टाकून द्या.

पाचवी पायरी: सुरुवात आणि मोजमाप

चाचण्यांतली मात्रा दिवसाला ५ ग्रॅम होती, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या १० कॅप्सूल किंवा दोन वेळा अडीच-अडीच ग्रॅम पावडर. पहिल्या दिवशी एवढी घेऊ नका. पहिला आठवडा सकाळी नाश्त्यानंतर अडीच ग्रॅम. पोट ठीक राहिलं तर दुसऱ्या आठवड्यापासून रात्रीच्या जेवणानंतर आणखी अडीच. चमच्यांचे आकार घरोघरी वेगळे असतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर एकदा मोजून चमचा ठरवून घ्या. पावडर ताकात, दह्यात किंवा कोमट पाण्यात चालते. उकळत्या पदार्थात घालू नका. कोरडी तोंडात टाकली तर ठसका लागतो.

रोजची औषधं आणि ही पावडर यांत दोन तासांचं अंतर ठेवा. चालू औषध आपल्या मनाने कमी करू नका. वेदनाशामक गोळी मात्र गरजेपुरतीच लागणारी असेल, तर आठवड्यात किती लागल्या ते वहीत लिहा. त्याच वहीत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जिना उतरताना किती दुखतं त्याला ० ते १० गुण द्या, आणि जमिनीवरून उठायला आधार लागतो का तेही लिहा. ही नोंद सुरू करण्याच्या एक आठवडा आधीपासून ठेवा. गुडघेदुखी आपोआपही कमीजास्त होते, त्यामुळे ‘जरा बरं वाटतंय’ एवढ्यावर निर्णय घेता येत नाही.

चाचण्यांमध्ये फरक काही आठवड्यांनी दिसू लागला, म्हणून चार दिवसांत निराश होऊ नका. आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चालूच ठेवा. गुडघ्याच्या झिजेत या व्यायामांचा आणि वजन थोडं उतरवण्याचा पुरावा कुठल्याही पावडरीपेक्षा भक्कम आहे. रोझहिपने दुखणं थोडं कमी होऊन व्यायाम जमायला लागला, तर तोच त्याचा सगळ्यात चांगला उपयोग.

परदेशात फळं तोडणाऱ्यांसाठी

इंग्लंड, जर्मनी, स्वीडनमध्ये राहणाऱ्यांना सप्टेंबर ते नोव्हेंबर ही फळं पायवाटेकडेला लगडलेली दिसतात. ओळख पक्की करा: फांदीवर वाकडे काटे, एका देठावर ५ ते ७ दातेरी पर्णिका, फळाच्या टोकाला सुकलेल्या फुलाचा अवशेष, आणि चिरल्यावर आत केसाळ बिया. त्याच दिवसांत तिथे इतरही लाल फळं पिकतात आणि त्यातली काही विषारी असतात, म्हणून शंका असेल तर तोडू नका. रहदारीच्या रस्त्याकडेची आणि फवारलेल्या बागेतली फळं नकोत. भारतात फुलवाल्याकडच्या किंवा पॉलीहाउसमधल्या गुलाबांची फळं तर कधीच खाऊ नका. त्या झाडांवरची कीटकनाशकं खाण्याच्या पिकाचा विचार करून मारलेली नसतात.

आतले केस ही खरी काळजीची गोष्ट. ते घशाला, आतड्याला आणि शेवटी गुदद्वारालाही खाज आणतात. हातमोजे घाला, फळं अर्धी चिरा, छोट्या चमच्याने बिया आणि केस खरवडून काढा, भरपूर पाण्यात धुवा. ४० अंशांच्या आत वाळवा. चहासाठी दोन-अडीच ग्रॅम सुके तुकडे कपभर गरम पाण्यात १० ते १५ मिनिटं झाकून ठेवा आणि पातळ कापडातून गाळा. नुसती चहाची गाळणी केस अडवत नाही.

सरबत करायचं असेल तर ५०० ग्रॅम फळं भरड वाटून लगेच एक लिटर उकळत्या पाण्यात टाका. पुन्हा एक उकळी आली की आच बंद करून १५ मिनिटं ठेवा आणि जाड कापडातून गाळा. चोथ्यात अर्धा लिटर उकळतं पाणी घालून १० मिनिटांनी पुन्हा गाळा. दोन्ही पाणी एकत्र करून, कापड बदलून, आणखी एकदा गाळा. ते अर्धा लिटर होईपर्यंत आटवा, ३०० ग्रॅम साखर घालून ५ मिनिटं उकळा आणि उकळून घेतलेल्या लहान बाटल्यांत गरमच भरा. भांडं स्टीलचं घ्या. तांबं आणि लोखंड क जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट करतात. बाटली उघडली की फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. मधुमेह असलेल्या घरात यातली साखर हिशोबात धरा.

तीन महिन्यांनी

वही उघडा आणि पहिल्या आठवड्याचे गुण शेवटच्या दोन आठवड्यांशी ताडून पाहा. दोन गुणांइतका तरी फरक पडला नसेल आणि वेदनाशामक गोळ्याही तेवढ्याच लागत असतील, तर पावडर बंद करा. मात्रा वाढवून पाहू नका. फरक पडला असेल तर महिनाभर थांबून पाहा. दुखणं परत वाढलं तर पुन्हा सुरू करण्यात अर्थ आहे, नाही वाढलं तर गरज उरलेली नाही. पुढे चालू ठेवणार असाल, तर डॉक्टरांच्या कागदावरच्या औषधांच्या यादीत रोझहिपचं नाव आणि मात्रा लिहून घ्या.